अधिक की वजा?

“मामा, अधिक करू की वजा?”

भाची वही घेऊन पुढ्यात बसली की पहिला प्रश्न हाच. उदाहरण अजून वाचलेलं नसतं. पेन्सिलीला टोक काढून झालेलं असतं, समास आखून झालेला असतो, खाली ‘उत्तर’ लिहून त्याला दोन रेघाही मारून झालेल्या असतात. मधला भाग तेवढा राहिलेला असतो आणि तो मामाने सांगायचा असतो.

ती चौथीत आहे. मी निवृत्त झालो त्याच महिन्यात बहिणीने तिला माझ्या ताब्यात दिलं. “दादा, जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजलेस. हिची शाब्दिक उदाहरणं घ्यायला काय जातंय तुझं?” काही जात नाही असं मलाही वाटलं होतं. चाळीसगावातल्या एका बँकेत ३४ वर्षं मी कॅशच्या खिडकीमागे बसलो. कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही, हा आमचा नेम. अशा माणसाला चौथीच्या गणिताची कसली भीती?

पहिल्या महिन्यात मी जे केलं त्याची आता लाज वाटते. मी तिला एक तक्ता करून दिला. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर, रंगीत स्केचपेनने. ‘एकूण’, ‘मिळून’, ‘सर्व’ दिसलं की बेरीज. ‘उरले’, ‘शिल्लक’, ‘फरक’ दिसलं की वजाबाकी. ‘पट’ आणि ‘दराने’ म्हणजे गुणाकार, ‘प्रत्येकी’ म्हणजे भागाकार. तक्ता भिंतीवर चिकटवला आणि तीन आठवडे उत्तरं धडाधड बरोबर यायला लागली. बहीण खूश, मी खूश. भाची सगळ्यांत खूश, कारण आता उदाहरण वाचायचीही गरज नव्हती. दोन आकडे हुडकायचे, तक्त्यावरचा शब्द हुडकायचा, की झालं. व्हाउचरचा नुसता रंग पाहून शिक्का मारणारे सहकारी मी बँकेत पाहिलेत. तशी एक मी घरात तयार करत होतो.

मग एका संध्याकाळी बोरं आली. ‘मीनाने ९ बोरे खाल्ली. आता तिच्याकडे १४ बोरे उरली. तर आधी तिच्याकडे किती बोरे होती?’

उत्तर : ५ बोरे. खाली दोन रेघा.

“खायच्या आधी पाच होती?”

“हो.”

“त्यातली नऊ खाल्ली?”

“हो.”

“आणि चौदा उरली?”

तिने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. “पण ‘उरली’ लिहिलंय ना, मामा!”

यावर मी काय बोलणार? तक्ता माझाच होता. रात्री ती गेल्यावर मी तो काढला. चिकटपट्टीबरोबर रंगाचे चार पोपडेही आले, ते अजून तसेच आहेत.

दुसऱ्या दिवशी मी जरा खोडसाळपणा केला. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात १९७९-८० च्या सुमारास गणिताच्या शिक्षणावर काम करणाऱ्या काही मंडळींनी दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना एक प्रश्न घातला होता. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांचीच आकडेमोड करून कप्तानाचं वय काढून दिलं. मी जहाजाची नाव केली, कप्तानाचा नावाडी केला आणि नाव गिरणा धरणात सोडली. त्या दिवशी शेजारच्या भाजीवाल्यांचा मुलगाही पुस्तक घेऊन आला होता. तोही चौथीतच.

भाची म्हणाली छत्तीस. तो म्हणाला सोळा. दोघांची जुंपली.

“सोळा वर्षांच्याला नाव कोण चालवू देईल? बुडवेल तो.”

मुलगा विचारात पडला. “हां. मग छत्तीस बरोबर.”

मी हसलो खरा, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. सोळा वर्षांच्या पोराच्या हाती नाव देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे डोकं चालू होतं, जगाची समज होती. पण ती समज तिने दोन उत्तरांतलं एक निवडायला वापरली. मेंढ्यांचा नि वयाचा संबंध काय, हे विचारायला नाही वापरली. मी तसं म्हटल्यावर दोघं माझ्याकडे अशी पाहायला लागली, जशी मीच काहीतरी फसवणूक केली. आणि केलीच होती. मुलगा म्हणाला, “पुस्तकात गणित असलं की त्याला उत्तर असतंच.” मोठ्या माणसाने विचारलंय म्हणजे उत्तर असणार, आणि आकडे दिलेत म्हणजे ते वापरायचे असणार, एवढा भरवसा या पोरांचा आमच्यावर.

त्यानंतर मी अंगठा वापरायला लागलो. ही माझी एकमेव शोधून काढलेली रीत, असं मी काही दिवस समजत होतो. पुढे कळलं की कितीतरी शिक्षक हे करतात. उदाहरणातल्या आकड्यांवर अंगठे ठेवायचे आणि म्हणायचं, वाच.

“मीनाने… अंगठा आहे, मामा.”

“असू दे. काही बोरं खाल्ली. पुढे?”

“आता तिच्याकडे काही बोरं उरली. तर आधी तिच्याकडे किती होती?”

“आता पुस्तक मिट आणि मला गोष्ट सांग.”

“मीनाकडे खूप बोरं होती. तिने बरीच खाल्ली. मग राहिली थोडी. मग तिला खोकला झाला असेल.”

“आधी जास्त होती की आता जास्त आहेत?”

“आधीच जास्त असणार ना!” ही काय विचारायची गोष्ट, असा चेहरा.

मी अंगठे काढले. तिने खालच्या ओठावर पेन्सिल आपटत आकडे पाहिले. “चौदा आणि नऊ… तेवीस.” अधिक की वजा, हे तिने विचारलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

आकडे दिसले की मुलांच्या हाताला खाज सुटते. त्यांचा दोष नाही. पहिलीपासून आकडा म्हणजे काहीतरी करण्याचा हुकूम, असंच त्यांनी पाहिलंय. अंगठ्याखाली आकडा गेला की करायला काही उरत नाही, मग नाइलाजाने ती गोष्ट ऐकतात.

काही उदाहरणं मात्र अंगठा ठेवूनही उघडत नाहीत, कारण अडतं भाषेपाशी. “शिल्लक म्हणजे काय, मामा?” असं तिने विचारलं तेव्हा मला धक्काच बसला. ज्या शब्दावर माझं ३४ वर्षं पोट भरलं तो माझ्या घरातल्या पोरीला माहीत नव्हता. म्हटलं, शिल्लक म्हणजे जे उरतं ते. “मग उरलं म्हणायला काय झालं होतं?” भाजीवाल्यांच्या घरी तर अहिराणी. मुलगा मराठी छान बोलतो, पण पुस्तकात ‘अनुक्रमे’ आलं की त्याची गाडी थांबते आणि तोंडातून घरची भाषा येते, “हाई काय शे?” म्हटलं, ओळीने. पहिल्याला पहिला आकडा, दुसऱ्याला दुसरा. पुढचं उदाहरण त्याने मला न विचारता केलं. गणितात कच्चा असा शेरा त्याच्या नावापुढे दोन वर्षं पडत होता. त्यातला किती शेरा गणिताचा आणि किती ‘अनुक्रमे’चा, कोण सांगेल?

मराठीत आणखी एक गंमत आहे. ‘राजूने समीरला ५ गोट्या’ आणि ‘राजूने समीरकडून ५ गोट्या’. वाक्याचं क्रियापद शेवटी. दिल्या की घेतल्या, हे तिथपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. आणि घाईत वाचणारं पोर तिथपर्यंत जातच नाही. ‘ला’ आणि ‘कडून’ यांच्यात गोट्या इकडच्या तिकडे होतात. सगळ्यांत छळवादी शब्द ‘पेक्षा’. ‘राजूकडे १२ गोट्या आहेत. त्या समीरपेक्षा ५ ने जास्त आहेत. समीरकडे किती?’ दहातली सहा-सात पोरं सतरा म्हणणार, कारण ‘जास्त’ हा शब्द कानात घुमतो. यावर मी एवढंच विचारतो, श्रीमंत कोण? राजू. मग समीर सतराचा धनी कसा? गोट्यांतली श्रीमंती त्यांना लगेच समजते.

आकड्यांच्या नावांचं तर विचारूच नका. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची जोडपद्धत आली तेव्हा केवढा गहजब झाला होता. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे कारण सांगत होत्या. मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक नंतर, लिहिताना मात्र उलट, त्यामुळे लहान मुलं गोंधळतात. आणि इकडे विधानसभेत थेट मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरून विनोद चालले होते. बँकेत डबे खाताना आम्हीही हसून घेतलं. आता भाची ‘छत्तीस’ ऐकून ६३ लिहिते, मी खोडायला सांगतो, आणि तेव्हाचं हसू आठवतं. सहा आधी ऐकू आला म्हणून तिने सहा आधी लिहिला. तिच्या कानाचं काही चुकलेलं नसतं. ‘एकोणसाठ’ला तर आधी साठपर्यंत जाऊन एक पाऊल मागे यायचं. तरीही ‘पन्नास नऊ’ माझ्या जिभेवर बसत नाही, हेही खरं. काही गोष्टींत माणूस म्हातारा होतो तो होतोच.

सहलीचं उदाहरण मी स्वतः बनवलं. ४० मुलं पाटणादेवीला चालली आहेत, एका जीपमध्ये ९ जण बसतात, तर जीप किती लागतील? या जातीच्या उदाहरणालाही मोठा इतिहास आहे. अमेरिकेतल्या एका देशव्यापी चाचणीत, जिचे निकाल १९८३ मध्ये छापून आले, १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, १,१२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? भागाकार बहुतेकांना बरोबर आला होता. पण २९ टक्के मुलांनी उत्तर लिहिलं, ३१ बस आणि बाकी १२. ३२ असं बरोबर उत्तर देणारी २३ टक्केच. बाकी १२ सैनिक रस्त्यावर उभे आहेत, हे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आलंच नाही.

आमच्याकडे काय होतं ते पाहू, म्हणून मी थांबलो. भाचीने लिहिलं, ४ जीप आणि बाकी ४. मी विचारलं, ही बाकी चार मुलं कुठे आहेत? ती काही बोलायच्या आत भाजीवाल्यांचा मुलगा म्हणाला, “टपावर.” भाची म्हणाली, “नाहीतर मांडीवर. लहानच तर आहेत.” मी पाच जीपचं उत्तर काढायला बसलो होतो आणि ही दोघं मला चाळीसगाव स्टँडवरच्या काळ्या-पिवळ्या जीपचा नियम समजावून सांगत होती. नऊच माणसं घेऊन निघालेली जीप त्यांनी जन्मात पाहिलेली नाही. त्यांच्या उत्तराला मी चूक म्हणालो नाही. हो, वहीत पाच लिहायला लावलं, परीक्षा आहे शेवटी. पण त्या दिवशी बाकीच्या चौघांना बसायला जागा शोधली गेली, आणि मला त्याच्याशीच मतलब होता. पाटणादेवीला या दोघांना खरंच न्यायचं, हेही तेव्हाच ठरलं.

या मुलाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. सुट्टीच्या दिवशी तो वडिलांबरोबर बाजारात बसतो. मी मेथी घ्यायला गेलो होतो. जुडी १५ रुपयांना. मुद्दाम सात मागितल्या. तो माझ्याकडे न बघता, जुड्या पिशवीत टाकता टाकता म्हणाला, “दोनाचे तीस, सहाचे नव्वद, न् पंधरा. एकशे पाच.” त्याच्या आजोबांना सवायकी-दिडकी पाठ होती म्हणतात, याला ते पाढे येत नाहीत, पण हिशेब करायची ती ढब हाडात उतरलेली दिसते. संध्याकाळी वहीत मी त्याला १५ गुणिले ७ मांडून दिलं. साता पाचा पस्तीस, पस्तीस लिहिले. सात एके सात, त्याच्या डावीकडे सात. ७३५. दोन रेघा.

“सात जुड्या मेथी सातशे पस्तीसला देशील?”

तो खो खो हसला. आणि मग म्हणाला, “पण हे मेथीचं नाहीये. हे गणित आहे.”

ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पोरांवर एक अभ्यास झाला, तो १९८५ मध्ये छापून आला. पाचच मुलं होती, पण त्या पाचांनी मोठमोठ्या पंडितांना विचारात पाडलं. एकाला १० नारळांचे किती, असं विचारलं. नारळ ३५ ला एक. त्याने पस्तिसावर शून्य चढवलं नाही. तिनाचे १०५, आणखी तिनाचे २१०, मग ३१५, मग ३५०, असा तो गेला, आमच्या मेथीसारखाच. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या प्रश्नांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा ३७ टक्के. आणि शाब्दिक उदाहरण करून दिली तेव्हा ७४. हा मधला आकडा मला फार बोलका वाटतो. शाब्दिक उदाहरण म्हणजे गणितातला सगळ्यांत अवघड भाग, अशी घराघरांत समजूत आहे. त्या पोरांना मात्र नुसत्या आकड्यांपेक्षा शब्दांचा आधार वाटला. अलीकडे, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दुसरी बाजूही दिसते. बाजारातल्या मुलांना शाळेतलं गणित येईना, तसं शाळेत वहीवर पटापट गणितं सोडवणाऱ्या मुलांना बाजारातला साधा हिशेब अडला. मला नवल वाटलं नाही. माझ्या भाचीला मी शंभराची नोट देऊन दूध आणायला पाठवलं तेव्हा उरलेले पैसे तिने न मोजता आणले होते.

म्हणून मी घरात बाजार आणला. म्हणजे चिंचोके. बायकोने बरणीभर साठवलेले होते, ते मिळवायला थोडी बोलणी खावी लागली. ‘ताई आणि धाकटी यांच्याकडे मिळून ६० टिकल्या आहेत. ताईकडे धाकटीपेक्षा १२ जास्त आहेत. तर प्रत्येकीकडे किती?’ हे उदाहरण घातक आहे. साठाचे निम्मे तीस, तिसात बारा मिळवले की बेचाळीस, म्हणून ताईकडे ४२ आणि धाकटीकडे ३०. मोठी माणसंही इथे घसरतात. मी एका एलआयसी एजंटाला घसरवलंय. भाचीनेही तेच लिहिलं. मी म्हटलं, साठ चिंचोके मोज आणि खरंच वाट. ती मोजत बसली. मग दोन वाट्या घेतल्या आणि हात मध्येच थांबला.

इथे गप्प बसणं ही सगळ्यांत कठीण गोष्ट आहे. खिडकीपुढे रांग असली की कॅशियरच्या अंगात घाई भिनते. समोरच्याने खिशात पेन शोधायला घेतलं की आपण आपलं पुढे करतो. माझी जीभ तशीच पुढे यायला लागली होती. एकदा याच घाईत मी तिच्यावर ओरडलोही होतो, “एवढं साधं कळत नाही?” त्या दिवशी तिने पाणी प्यायला म्हणून उठून मामीच्या मागे जाऊन जे तोंड लपवलं, ते रात्री जेवायलाच बाहेर काढलं. तेव्हापासून मी अशा वेळी चष्मा पुसतो. काचा कधी नव्हत्या एवढ्या स्वच्छ असतात हल्ली.

चष्मा दोनदा पुसून झाला आणि ती म्हणाली, “ताईचे जास्तीचे बारा तिला आधीच देऊन टाकू. मग भांडण नको.” बारा एका वाटीत गेले. उरलेले ४८ एक तुला, एक मला करत दोन्हीकडे पडले. २४ आणि ३६. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून अशा उदाहरणांना पट्ट्या काढायला शिकवतात, एकाखाली एक दोन पट्ट्या, वरची थोडी लांब. आता आम्हीही वहीत त्या काढतो, साठ चिंचोके रोज कोण मोजणार! पण आधी चिंचोके वाटले होते म्हणून पट्टीला अर्थ आला. पहिल्यांदा चित्र काढ म्हटलं तर तिने ताईच्या दोन वेण्या, रिबिनी आणि फ्रॉकवरची फुलं काढण्यात वीस मिनिटं घालवली होती.

चित्रावरून आमचे मास्तर आठवले. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला असायची, आणि तिच्यात हमखास खांब यायचे. १०० मीटर रस्त्यावर दर १० मीटरला एक खांब, तर दोन्ही टोकं धरून खांब किती? आम्ही सगळे दहा म्हणालो. मास्तरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. पाच जणांना बाहेर गल्लीत नेलं, हातभर अंतराने उभं केलं आणि सहाव्याला म्हणाले, पोरं मोज, आता मधली जागा मोज. पोरं पाच, जागा चार. चाळीस-पन्नास वर्षं झाली, अजून कुठे कुंपण घालायचं असलं की मला आधी ती गल्ली दिसते.

दिवाळीनंतर पाटणादेवीला गेलो. आमच्या गावापासून १८ किलोमीटर, गौताळ्याच्या जंगलाला लागून. जीपमध्ये तेरा जण होतो, हे भाचीने मोजून मला सांगितलं. देवीचं दर्शन झालं, आणि मग झाडाखाली मी पोतडी सोडली. याच पाटणच्या शके ११२८ च्या, म्हणजे १२०६ च्या आसपासच्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे, पण दानाचा तपशील आला की भाषा मराठी होते. या पाटणात जो माल उघडेल त्यावर ग्राहकांकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं, असा त्यातला मजकूर. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी इथे बाजारच्या पैशावर गणित शिकवत होते. भाजीवाल्यांच्या मुलाला हे सांगितल्यावर त्याने मान हलवली, जणू तो कर त्याच्याच पणजोबांनी भरला होता.

भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. ती ज्यांनी नुसती नावाने ऐकलीय त्यांना वाटतं की ते सूत्रांचं रुक्ष पुस्तक असेल. ती सगळी गोष्टींनी भरलेली आहे. नऊ हात खांबावर मोर बसलाय आणि खाली बिळाकडे साप चाललाय, पाण्यावर अर्धा हात कमळ डोलतंय, अर्जुन बाण सोडतोय. काही उदाहरणं तर एका मुलीला हाक मारून विचारलेली. मी त्यातले भुंगे काढले. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर. या दोन हिश्शांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले. एक भुंगा राहिला, तो केतकी आणि मालतीच्या वासात सापडून मध्येच घिरट्या घालतोय. तर भुंगे किती?

“बिचारा,” भाची म्हणाली. आकड्यांच्या आधी तिला भुंगा दिसला, इथेच माझी जीप वसूल झाली.

या जातीच्या उदाहरणांना भास्कराचार्यांनी जी रीत सांगितली तिचं नाव इष्टकर्म. मनाला येईल ती संख्या धरायची, गोष्टीप्रमाणे चालवून पाहायची आणि किती चुकलं त्यावरून खरी काढायची. ज्यांनी ‘अंदाजपंचे लिहू नको’ म्हणून पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, त्यांनी हे वाचायला हवं. मीही मारल्यात. मी म्हटलं, “धर कितीही.” तिने दहा धरले. तिसरा हिस्सा होईना. वीस धरले, तरी होईना. मुलगा म्हणाला, “तीस धर, तिसाचं सगळं होतं.” तिसाचा पाचवा सहा, तिसरा दहा, फरक चार, तिप्पट बारा. सहा, दहा, बारा मिळून अठ्ठावीस.

“दोन उरले,” भाची म्हणाली. “पण एकच पाहिजे.”

मी चष्मा काढला.

“मग थवाच अर्धा असेल!” मुलगा ओरडला. आणि दोघांनी मिळून खात्री करून घेतली. तीन, पाच, सहा, आणि हवेतला एक. पंधरा. चुकीचे तीस धरले म्हणून बरोबर पंधरा हाती आले, ही गोष्ट भाचीला इतकी आवडली की परतीच्या वाटेवर ती दिसेल त्या गोष्टीला ‘धर शंभर’ म्हणत होती.

निघायच्या आधी तिने मला एक उदाहरण घातलं. आवारात माकडं होती, प्रसादाच्या पिशव्यांवर डोळा ठेवून. “मामा, देवळाच्या आवारात आठ माकडं होती. त्यातली तीन झाडावर चढली. तर आवारात किती राहिली?”

“पाच.”

“आठ.”

“आठ कशी? आठातून तीन गेली की—”

“झाड आवारातच आहे ना! तू चित्रच नाही काढलंस.”

मी हुज्जत घालायला लागलो, तेव्हा तिने माझ्या खिशातलं पेन घेतलं, प्रसादाची पुडी खडीसाखरेसकट माझ्या हातावर रिकामी केली आणि तिचा कागद गुडघ्यावर पसरला. आधी देऊळ काढलं. देवळाभोवती भिंत. भिंतीच्या आत झाड, फांद्या, पानं, झाडाला एक ढोली. मग झेंडा. जीपवाला हॉर्न वाजवायला लागला तरी तिचं चाललंच होतं, आणि माकडं काढायला कागदावर जागाच उरली नाही.